पत्र्याच्या कारखान्यातला सूर

संपादक महोदय,
‘ब्लॅक सॅबथ’ या इंग्लिश हेवी मेटल बँडचा गायक ऑझी ऑस्बोर्न गेला (२२ जुलै २०२५), तेव्हा मी वाचलेल्या बहुतेक लेखांत ‘ब्लॅक सॅबथ’ म्हणजे फक्त सत्तरचं दशक. २०१३ च्या ‘१३’ या अल्बमवर धड एक ओळ नाही!

१९७८ नंतर ऑझीसह केलेला हा पहिलाच स्टुडिओ अल्बम. निर्माता रिक रुबिनने त्यांना जुन्या वाटेवर आणलं. संथ, जड, अंगावर येणारी गिटार. गिटारवादक टोनी आयोमीवर तेव्हा कर्करोगाचे उपचार चालू होते, पण हात कुठे थरथरल्यासारखा वाटत नाही. याच आयोमीची सतराव्या वर्षी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात दोन बोटांची टोकं गेली. पठ्ठ्याने प्लास्टिकची बाटली वितळवून टोपणं बनवली आणि पुढे बोटांना ताण नको म्हणून तारा सैल केल्या. तो खर्ज तिथून आला. उद्यमनगरात लेथवर उभं राहिलेल्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

दोन गोष्टी खटकल्या. करारावरून बिनसल्याने मूळ ड्रमर बिल वॉर्ड नाही. त्याच्या जागी ब्रॅड विल्क चोख वाजवतो, पण वॉर्डची ती झुलती लय त्याची नव्हे. आणि ध्वनिमुद्रण इतकं ठासून भरलंय की विसर्जनातल्या डॉल्बीची आठवण यावी.

तरी शेवटी पाऊस आणि घंटा ऐकू येते, थेट १९७० च्या पहिल्या अल्बमच्या सुरुवातीसारखी, तेव्हा मी रंकाळ्यावर गाडी बाजूला घेऊन नुसता बसून राहिलो होतो.

– एक वाचक, उद्यमनगर, कोल्हापूर