मुलांचे रक्त लस येण्याआधी तपासावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबई महापालिकेच्या नायर रुग्णालयाने आणि कस्तुरबा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेने १ एप्रिल ते १५ जून २०२१ या काळात केलेल्या सर्वेक्षणात १ ते १८ वयोगटातील ५१.१८ टक्के मुलांच्या रक्तात करोनाविरोधी प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) आढळली. ‘तिसरी लाट मुलांवर येणार’ या धास्तीवर हा आकडा चांगलाच उतारा ठरला. मात्र ज्याची सारी नोकरी रक्तनमुन्यांत गेली, अशा माझ्यासारख्याला पहिला प्रश्न पडतो तो हे नमुने कोणाचे होते, हा.

हे २,१७६ नमुने घरोघरी जाऊन घेतलेले नव्हते. अन्य तपासण्यांसाठी पालिकेच्या व खासगी प्रयोगशाळांत आलेल्या मुलांचे उरलेले रक्त त्यासाठी वापरले गेले. लहान मुलाची शीर शोधताना काय दमछाक होते हे ज्याला ठाऊक आहे, तो या युक्तीला नावे ठेवणार नाही. परंतु प्रयोगशाळेची पायरी चढणारे मूल आणि मैदानात खेळणारे मूल यांत फरक असतो, आणि म्हणून ‘मुंबईतील निम्मी मुले’ असे सरसकट म्हणण्यापेक्षा ‘तपासणीसाठी आलेल्या मुलांपैकी निम्मी’ असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल. मार्चमधील सर्वेक्षणात अठरा वर्षांखालील गटात हेच प्रमाण ३९.४ टक्के होते. दुसऱ्या लाटेत ते वाढले यात शंका वाटत नाही, पण नेमके किती वाढले हे या दोन आकड्यांच्या वजाबाकीतून काढू नये.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी प्रतिपिंड सर्वेक्षणाच्या जून-जुलैमधील चौथ्या फेरीत प्रथमच ६ ते ९ वयाची मुले घेतली गेली. त्यांच्यात ५७.२ टक्के आणि १० ते १७ या गटात ६१.६ टक्के प्रमाण आढळले. त्यासाठी निवडलेल्या देशातील ७० जिल्ह्यांत बीड, परभणी, नांदेड, सांगली, अहमदनगर आणि जळगाव हे आपले सहा होते. मात्र एकूण २८,९७५ जणांना ७० ने भागले तर एका जिल्ह्याच्या वाट्याला जेमतेम चारशे जण येतात, आणि त्यांतही मुले थोडी. तेवढ्यावरून देशाचा अंदाज बांधता येतो. एखाद्या तालुक्यातील शाळा उघडायची की नाही, हे त्यावरून ठरवता येत नाही.

माझा आग्रह आहे तो वेळेबद्दल. आज, म्हणजे २०२१ मध्ये हे लिहीत असताना, अठरा वर्षांखालील मुलांना लस मिळत नाही (चाचण्यांत सहभागी झालेली मोजकी मुले सोडून), त्यामुळे त्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे म्हणजे होऊन गेलेल्या संसर्गाचाच पुरावा. आईकडून आलेली प्रतिपिंडे वर्षभरात ओसरतात, तेव्हा एक वर्षावरील मुलांबाबत तीही अडचण नाही. मोठ्यांच्या बाबतीत हा निर्मळपणा केव्हाच गेला. मुलांचे लसीकरण सुरू झाले की विषाणूच्या काटेरी प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे लसीची की आजाराची, हे ओळखता येणार नाही. विषाणूच्या गाभ्यातील प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडांची चाचणी, ज्या लसी फक्त काटेरी प्रथिनावर बेतलेल्या आहेत त्यांच्याबाबत उपयोगी पडेल, पण कोव्हॅक्सिन संपूर्ण मृत विषाणूपासून बनत असल्याने तिथे तीही घोटाळ्यात टाकू शकते.

जाता जाता पालकांनाही एक सांगावेसे वाटते. आमच्या इमारतीत दोघा-तिघांनी हौसेने मुलांची ही चाचणी करून घेतली आणि अहवाल येताच मुखपट्टी खुंटीला टांगली. सर्वेक्षणाची चाचणी समूहाविषयी सांगते. एका मुलाला ती संरक्षणाची हमी देत नाही. संसर्गानंतर दोन ते सहा आठवड्यांनी काही मुलांना ताप, पुरळ व अनेक अवयवांना सूज असा गंभीर त्रास होतो आणि तोवर आरटीपीसीआर चाचणी बहुधा नकारात्मक आलेली असते. अशा वेळी मात्र डॉक्टरांना प्रतिपिंडांची तपासणी खरोखर कामी येते.

राज्यभर यादृच्छिक निवडीने नवे सर्वेक्षण करायला सरकारला सवड नसेल, तर निदान एक करावे. जिल्हा रुग्णालयांत मुलांच्या तपासणीनंतर उरणारे रक्त रोज जैववैद्यकीय कचऱ्यात जाते. नैतिकता समितीची परवानगी घेऊन आणि नाव वगळून, केवळ वय, तालुका व तारीख लिहून, त्यातील रक्तद्रव उणे २० अंशांवर गोठवून ठेवावा. चाचणी सहा महिन्यांनी केली तरी चालेल, नमुना मात्र आजचाच हवा.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, ठाणे