खेळण्यांचा ढीग आणि 'नॅचरल'चं लेबल

संपादक,
स.न.वि.वि.

मुलांना प्लॅस्टिक नको, लाकडी खेळणी द्या, असं हल्ली जो तो सांगतोय. पटतं, पण आमच्याकडे काय झालं तर प्लॅस्टिकचा ढीग होता तिथेच राहिला आणि त्याच्या शेजारी लाकडाचा दुसरा ढीग आला. आणि साडेतीन वर्षांची आमची कन्या बसते कपड्यांच्या चिमट्यांची रेल्वे करत!

शेवटी एका रविवारी सगळं जमिनीवर ओतलं. अर्धे तुकडे हरवलेली पझल्स, एकच चाक उरलेली गाडी, आणि एक बोंबलणारी बाहुली जिच्या सेलचं झाकण नुसतं बोटाने उघडत होतं. ती आधी बाजूला काढली, कारण बटणाएवढा तो सेल मुलाने गिळला तर दोन तासांतसुद्धा अन्ननलिका भाजू शकते.

अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाचा २०१८ साली आलेला एक अभ्यास आहे, ३६ लहान मुलांना एकदा ४ खेळणी दिली आणि एकदा १६, तर ४ असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. आम्हीही आता आठ-दहाच बाहेर ठेवतो, बाकीची खोक्यात, आणि कन्या कंटाळली की अदलाबदल. आणि मोठं टोपलं काढून टाकलं, कारण तळातली एक गाय हवी म्हणून पोरगी अख्खं टोपलं उपडं करायची, त्यात तिची काय चूक? तिच्या हाताला येईल असं उघडं शेल्फ बरं, दिसतं तेवढंच निघतं.

आता लाकडाबद्दल. 'नॅचरल' लिहिलं म्हणजे झालं असं नाही हो. एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू रेझिनने (चिकट रसायनाने) दाबून केलेली फळी, त्यातून फॉर्मल्डिहाइड हा अपायकारक वायू सुटू शकतो. बीच, मेपल कठीण लाकडं, पाइन मऊ, त्याला लगेच खाचा पडतात. मी घेताना कडांवरून बोट फिरवतो, कूस लागते का बघतो, चाक ओढून बघतो, रंगावर ओला पांढरा रुमाल घासतो. रंग उतरला तर परत. पण न उतरलेल्या रंगातही शिसं असू शकतं, ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून रंगाची तपासणी झाल्याचं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर मी सरळ बिनरंगी घेतो. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी तुकड्यांचा आकार बघाच. तुकडा घशात अडकण्याएवढा लहान आहे का, हे तपासायचं नळकांडं ३.१७ सेंमी रुंद असतं, घरी टॉयलेट पेपरच्या रोलचं पुठ्ठ्याचं नळकांडं वापरा, त्यातून जे आत जातं ते द्यायचं नाही. ते थोडं मोठं असतं, त्यामुळे चूक झाली तरी सुरक्षित बाजूलाच होते. आणि लाकडी खेळणी पाण्यात बुडवून धुऊ नका, फुगून तडकतात, ओल्या फडक्याने पुसा. (आमची एक बदकीण अशीच गेली, बादलीत आंघोळ घातली होती मीच.)

एक गोष्ट मात्र अजून जमलेली नाही. येणारा प्रत्येक पाहुणा हातात काहीतरी घेऊन येतो, सगळं प्रेमानेच, आणि 'आणू नका' म्हटलं की चेहरा पडतो. तुमच्या वाचकांपैकी कुणाला हे न दुखावता सांगता आलं असेल तर त्यांनी कृपया लिहावं, मी वाट बघतोय.

आपला,
एक वाचक बाबा