जिंकणाऱ्यांनाही तोंड असते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दसऱ्याच्या शुभेच्छा आधीच देतो, कारण पुढचे वाचून तुम्हाला राग येईल.

सोमवारच्या अंकात खेळाच्या पानावर अगदी तळाला रग्बी विश्वचषकाच्या दक्षिण आफ्रिका-इंग्लंड उपान्त्य सामन्यावर चाहत्यांच्या प्रतिक्रियांची चौकट होती. त्यातले सगळेच्या सगळे इंग्लंडचे. कुणी म्हणतो दक्षिण आफ्रिका नशिबाने जिंकली, कुणी म्हणतो रटाळ खेळ. डर्बनचा, केपटाऊनचा एकही माणूस तुम्हाला मिळाला नाही? वर तुमच्या प्रतिनिधीने स्वतःची भर घातली, ‘नुसती ढकलाढकली’.

त्या ढकलाढकलीनेच सामना फिरला. 69 व्या मिनिटापर्यंत इंग्लंड 15-6 असे पुढे होते, आणि त्यांचा एकही ट्राय (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे नेऊन टेकवणे) नव्हता. आफ्रिकेचा ऑक्स एनचे बदली म्हणून आला आणि स्क्रममध्ये, म्हणजे दोन्हीकडचे आठ-आठ गडी खांदे भिडवून रेटतात तिथे, इंग्लंड मागे सरकू लागले. शेवटची पेनल्टीसुद्धा स्क्रममधूनच मिळाली, ती आफ्रिकेच्या पोलार्डने मध्यरेषेजवळून खांबांमधून मारली. 16-15. आमच्याकडे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढताना टाच वाळूत रुतवावी लागते, एकाची टाच सुटली की मागची सगळी रांग डळमळते. ज्याने तो दोर खांद्यावर घेतलाय तो स्क्रमला ढकलाढकली म्हणणार नाही.

मी बोटीवर होतो. 17 जून 1995 ला आमची बोट डर्बन बंदरात होती. त्या दिवशी तिथे आफ्रिका-फ्रान्स उपान्त्य सामना होता आणि पाऊस आपल्या मृगासारखा कोसळत होता. माल उतरवणे बंद, सगळे मेसमध्ये टीव्हीपुढे. मैदानात तळे झालेले आणि बायका झाडू घेऊन पाणी लोटतायत, हे मी या डोळ्यांनी पाहिले. सामना झालाच नसता तर फ्रान्स पुढे गेले असते. आमच्याबरोबर एक म्हातारा गोदी कामगार बसला होता, मूळचा आपल्याकडचा. रग्बी गोऱ्यांचा खेळ, मी कधी त्यांच्या बाजूने ओरडलो नाही, म्हणत होता. संघात गोरा नसलेला एकटा चेस्टर विल्यम्स. 19-15 ने जिंकल्यावर तो उठला आणि काही न बोलता आमच्या प्रत्येकाचा हात हातात घेतला. पुढच्या आठवड्यात मंडेला तेव्हाच्या कर्णधाराचा 6 नंबरचा हिरवा जर्सी घालून अंतिम सामन्याला आले. आज तोच 6 नंबर कर्णधार सिया कोलिसीच्या पाठीवर आहे. चाहत्यांची प्रतिक्रिया हवी होती ना? ती अशी असते.

आता अंतिम सामना. न्यूझीलंड सहज जिंकेल, असे तुम्ही छापलेत. त्यांनी अर्जेंटिनाला 44-6 ने हरवले आणि एक दिवस जास्त विश्रांती मिळाली, हे खरे. पण याच ऑगस्टमध्ये लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर आफ्रिकेने त्यांना 35-7 ने झोपवले होते, त्याचा उल्लेख नाही. याच विश्वचषकात फ्रान्सला एका गुणाने, इंग्लंडला एका गुणाने हरवणारा संघ शेवटच्या मिनिटापर्यंत सोडत नसतो. दोघांकडे तीन-तीन चषक आहेत. माझ्या मते चौथा आफ्रिकेचा, फरक तीन गुणांच्या आत.

सामना शनिवारी रात्री साडेबाराला, आपल्या कोजागरीला. 1 वाजून 5 मिनिटांनी ग्रहण लागते, म्हणून घरात दूध आटवायचे की नाही यावर वाद चालू आहे. मी जागणार हे मात्र नक्की.

जाता जाता आणखी एक. जिल्हा पानावरचे भरती-ओहोटीचे वेळापत्रक दोन महिन्यांपासून गायब आहे, त्या जागी जाहिरात असते. आमच्या वाडीतली माणसे पेपर त्यासाठी घेत. शनिवारी पौर्णिमेचे उधाण आहे. निदान त्या दिवशीच्या अंकात तरी वेळा छापा.

आपला,
एक निवृत्त खलाशी
आचरा, ता. मालवण
24 ऑक्टोबर 2023