काका, आता सगळं एकदाच ऐकू येतं

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

परवा दुकानात येऊन आभार मानले, तर तुम्ही "अरे, त्यात काय एवढं" म्हणून पुन्हा ॲम्प्लिफायर उघडून बसलात. माझं म्हणणं मनातच राहिलं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. माझ्यासारखा आवाज घुमण्याचा त्रास आणखी कुणाला होत असेल, तर त्यालाही तुमचा उपयोग होईल.

आम्ही चौघं हॉस्टेलपासूनचे मित्र. मी नाशिकला, एक पुण्यात, एक कोल्हापुरात आणि एक टोरांटोला. रविवारी रात्री आठला प्लेस्टेशनवर पार्टी (खेळताना एकमेकांशी बोलायची सोय) लावून आम्ही रॉकेट लीग हा गाड्यांच्या फुटबॉलचा गेम खेळतो, दोघं विरुद्ध दोघं. टोरांटोवाल्याची तेव्हा सकाळ असते. खेळापेक्षा गप्पाच जास्त होतात, आणि त्या जपून ठेवाव्यात म्हणून मी कॅप्चर कार्ड (प्लेस्टेशनचं चित्र आणि आवाज लॅपटॉपमध्ये घेणारं यंत्र) घेतलं. प्लेस्टेशनमधलं एचडीसीपी हे कॉपी रोखणारं कुलूप बंद केलं (ते चालू राहिलं तर पडदा काळा येतो), पार्टीचा आवाज एचडीएमआयमधून घेतला, माझ्या आवाजासाठी लॅपटॉपला वेगळा माईक जोडला आणि ओबीएस या सॉफ्टवेअरवर रेकॉर्डिंग सुरू केलं. महिनाभरात जे जमलं ते ऐकवत नव्हतं. प्रत्येक वाक्य दोनदा, कधी तीनदा.

मी माईक बदलला, फिल्टर लावले, राउटर या खोलीतून त्या खोलीत नेला. टोरांटो सगळ्यात लांब, म्हणून दोष त्याचाच, असं आम्ही ठरवून टाकलं होतं. त्याने बिचाऱ्याने नवा हेडफोनसुद्धा घेतला.

तुमच्याकडे मी आलो होतो केबल घ्यायला. तुम्ही केबल दिली नाहीत. हातातलं काम बाजूला ठेवून विचारलंत, "घुमतंय कुणाकुणाला? आणि कुणाला घुमत नाही?"

हा प्रश्न आम्हा चौघांपैकी एकालाही सुचला नव्हता. कोल्हापूरवाला पहिल्यापासून म्हणत होता की त्याला सगळं स्वच्छ ऐकू येतं. तुम्ही म्हणालात, "मग त्याच्याच घरात बघ." तो टीव्हीच्या स्पीकरवर ऐकायचा. आमचा आवाज त्याच्या टीव्हीतून बाहेर पडायचा, हातातल्या कंट्रोलरमधला माईक तो उचलायचा आणि आम्हालाच परत पाठवायचा. त्याच्या कानावर मात्र तो एकदाच पडायचा. तो स्वतः बोलला तर कुणालाच घुमायचं नाही, हेही तुम्ही न ऐकता सांगितलंत. त्या रविवारी आम्ही एकेकाचा माईक बंद करून पाहिला. कोल्हापूरचा बंद झाला आणि सगळं शांत. हेडफोन येईपर्यंत तो बोलायचं नसेल तेव्हा कंट्रोलरवरचं म्यूटचं बटण दाबून, केशरी दिवा लागलाय ना बघून बसायचा.

तुम्ही दिलेलं मांडवातल्या कर्ण्याचं उदाहरण तर मी आता सगळ्यांना सांगतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणून ३४ मीटरवरचा कर्णा दशांश सेकंद मागे पडतो. टीव्हीपासून सोफ्यापर्यंत तीन मीटर, तेवढ्याने कानाला काही कळत नाही. आम्हाला जवळजवळ अर्ध्या सेकंदाने ऐकू येत होतं, म्हणजे आवाज इंटरनेटवरून जाऊन परत येत होता. किती उशिरा घुमतंय यावरून कुठून घुमतंय ते शोधता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

तरी रेकॉर्डिंगमध्ये थोडं घुमत राहिलंच. मी लॅपटॉप घेऊन पुन्हा तुमच्या दारात. ओबीएस तुम्ही तोवर पाहिलेलं नव्हतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "पार्टी बंद कर, एकटा खेळ आणि ते रेकॉर्ड करून आण." आणलं. खेळातल्या गाडीचा आवाजही दोनदा येत होता. मग मित्रांचा संबंधच नाही, घोळ लॅपटॉपमध्येच आहे, हे स्पष्ट झालं. मला हेडफोनवर ऐकता यावं म्हणून मी कॅप्चर कार्डाला ओबीएसमध्ये ‘मॉनिटर अँड आउटपुट’ (ऐकवायचंही आणि रेकॉर्डही करायचं) लावलं होतं. त्यामुळे कार्डाचा आवाज एकदा थेट रेकॉर्ड व्हायचा, आणि हेडफोनकडे जाणारा तोच आवाज ‘डेस्कटॉप ऑडिओ’तून, म्हणजे लॅपटॉपवर वाजणारं सगळं टिपणाऱ्या वाटेने, दुसऱ्यांदा. डेस्कटॉप ऑडिओ बंद केला. काम दोन क्लिकचं, पण तिथवर पोचायला तुमचे कान लागले.

ते दिवस गणपतीच्या आधीचे होते. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, मंडळांची पोरं ताटकळत उभी होती. तरी तुम्ही दोन्ही वेळा मला स्टुलावर बसवून माझं पूर्ण ऐकून घेतलंत, आणि पैसे घेतले नाहीत.

गेल्या रविवारचं रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर घालून ठेवलंय, तुमच्यासाठी आणतो. त्यात मध्येच कोल्हापूरच्या स्वयंपाकघरातून काकूंची हाक येते, "जेवायला या रे." टोरांटोवाला क्षणभर गप्प होतो, मग म्हणतो, "आलो, काकू." दोन्ही एकेकदाच ऐकू येतं.

तुमचा,
मागच्या गल्लीतला, केबल घ्यायला आलेला मुलगा