फिनलंडमधल्या योएन्सूहून पत्र: बाबा, एवढं ऐकाच

ती. आईबाबा, सा. न.

मी मजेत आहे. बाहेर उणे 18 आहे पण खोलीत हीटर चोवीस तास चालू असतो, त्यामुळे आई तू स्वेटरचं परत परत विचारू नकोस, आणि जेवतो मी नीट, खरंच.

इथं एक अजबच आहे, मोठी मोठी माणसं जेवताना ग्लासभर थंड दूध पितात, साखर नाही काही नाही, बटाटा आणि माशाबरोबर! मला पहिले दोन महिने बघवत नव्हतं. दुधाचं लाल खोकं म्हणजे सायीचं, निळं म्हणजे कमी फॅटचं, आणि लाल घेणारे थोडेच. काही जण पिमा नावाचं आंबट पितात, ते मात्र आपल्या ताकासारखं लागतं, मी तेच घेतो.

हे निळं खोकं उगीच नाही आलेलं. बाबा, तुम्ही म्हणता ना, शेतात राबणाऱ्याला हार्टचं काही होत नाही? याच भागातले लाकूडतोडे दिवसभर जंगलात राबायचे आणि चाळिशी-पन्नाशीत अटॅकने जायचे. लोणी, खारवलेलं मांस, सिगारेट. कोलेस्टेरॉल नसांच्या आत वर्षानुवर्षं साचतं, नस कडक आणि अरुंद होते, दुखत काहीच नाही म्हणून कळत नाही. 1972 मध्ये पेक्का पुस्का नावाच्या तरुण डॉक्टरने इथं काम सुरू केलं, गावोगावच्या बायकांनी रश्श्यात मांस कमी करून भाज्या वाढवल्या, लोण्याऐवजी तेल आलं, मीठ कमी झालं. 35 ते 64 वयाच्या पुरुषांचे हार्टने होणारे मृत्यू पुढच्या 35 वर्षांत 80 टक्क्यांहून जास्त घटले. म्हणून सांगतो, भाकरीवर चमचाभर तूप असू दे, पण डालड्याची खारी, रोजचा पापड-लोणचं आणि बिडी बंद. गोळ्या बरं वाटलं म्हणून सोडायच्या नाहीत.

बाबा, तुमच्या अँजिओग्राफीच्या दिवशी मी नव्हतो, दादा व्हिडिओ कॉलवर दाखवत होता आणि मी लॅबच्या जिन्यात बसलो होतो. परीक्षा होती म्हणून आलो नाही, तिकिटाचे पैसे वाचवायला नाही, हे काकांनाही सांगा.

60 हजार दादाच्या खात्यावर टाकलेत, ते औषधाचे आणि पुढच्या तपासणीचे, सोसायटीच्या हप्त्यात घालू नका, हप्त्याचे पुढच्या महिन्यात वेगळे पाठवतो. कराडच्या स्थळाचा फोटो बघितला. आई, चांगली वाटली, पण बोलणी मी जूनमध्ये आल्यावरच करू, आणि बाबांचं सकाळचं चालणं सुरू झालं की मला कळव.

तुमचा,
बंड्या