विषय: मातीखालच्या मेंब्रेनचा फोटो मागणं बंद करा, माणूस पाठवा

तुमच्या माणसाने आत्ताच फोन ठेवला म्हणून लगेच लिहितोय. तक्रार नंबर तुमच्याकडे आहेच, तो सांगून सांगून थकलो.

घराच्या छपरावर आणि तीन बाजूंना मुद्दाम घातलेली माती आहे, त्या मातीखाली तुमचं मेंब्रेन, म्हणजे पाणी आत येऊ न देणारा थर. मागच्या भिंतीत पाइप आत येतो तिथे ओल आलीये, पांढरा खार फुटलाय, बोट लावलं की रंगाचे पोपडे हातात येतात.

आता आजचं बोलणं ऐका. तो म्हणाला, "सर, मेंब्रेनचा फोटो पाठवा." म्हटलं मेंब्रेन मातीखाली आहे. "मग माती काढून फोटो काढा." अहो, भिजलेली माती घनमीटरला जवळपास 2 टन भरते, ती कोण काढणार आणि फावडं मेंब्रेनला लागलं तर? तर म्हणतो, "खोदकाम वॉरंटीत येत नाही, आणि खोदताना डॅमेज झालं तर वॉरंटी रद्द." म्हणजे फोटो नाही तर क्लेम नाही आणि फोटोसाठी खोदलं तर वॉरंटीच जाणार! वर सल्ला दिला, "कंडेन्सेशन असेल, हवेतली वाफ भिंतीवर जमते, खिडकी उघडी ठेवा." त्या भिंतीला खिडकी कुठून असणार, पलीकडे माती आहे! हे मी सांगितलं तर गप्प, आणि मग तेच, "फोटो पाठवा सर."

कंडेन्सेशन नाहीये. भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून चिकटवला होता, दुसऱ्या दिवशी पाणी प्लास्टिकच्या आत, भिंतीच्या बाजूला होतं. हवेतली वाफ असती तर खोलीच्या बाजूला जमलं असतं. याचे फोटो पाठवलेत, कोणी उघडूनही बघितले नाहीत.

देखभालीवर ढकलू नका. छपरावर झाडाचं रोप दिसलं की उपटतो, पायाजवळचा ड्रेनेज पाइप पावसाळ्याआधी फ्लश करतो, कारण पाइप तुंबून भिंतीशी 1 मीटर पाणी साठलं तर तळाशी चौरस मीटरला जवळपास 1 टन दाब येतो हे मला माहितीये. तुमच्या माणसाला नाही, याचं वाईट वाटतं. हे मेंब्रेन मी लोकांना सुचवलं होतं, आता कुठल्या तोंडाने सांगू?

इंजिनियर पाठवा, पाइपच्या जॉइंटपाशी तुमच्या खर्चाने हाताने खोदा, सील नव्याने करा, आणि हे सगळं लेखी द्या. परत मातीखालचा फोटो मागितलात तर कॉलच्या रेकॉर्डिंगसकट ग्राहक न्यायालयात जाणार.