विमान कर्मचाऱ्यांच्या मुक्कामाविषयी बाबांना पत्र

फ्रँकफर्ट

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर येणाऱ्या विमानांचे कर्मचारी आपल्या ताराबाई रोडवरच्या लॉजवर उतरवता येतील का, असे तुम्ही विचारले आहे. मी इथल्या हॉटेलात नेमके हेच काम सांभाळत असल्याने सविस्तर लिहितो.

एसटीची गाडी मुक्कामी असली तरच चालक-वाहक गावात झोपतात, तसेच विमानाचेही आहे. येऊन तासाभरात परतणाऱ्या विमानाला खोल्या लागत नाहीत. तेव्हा खोल्यांना रंग देण्याआधी एवढी चौकशी अवश्य करावी.

युरोपीय कंपन्यांच्या नियमांनुसार बाहेरगावच्या मुक्कामात किमान 10 तास, किंवा आधीची ड्युटी त्याहून लांबली असेल तर तितके तास विश्रांती द्यावी लागते आणि त्यात 8 तास झोपेला मिळावेच लागतात. प्रत्येकाला स्वतंत्र खोली, शांतता, उजेड व तापमान कमी-जास्त करण्याची सोय आणि खाण्यापिण्याची व्यवस्था हेही त्यातच आले. विमानतळावरून हॉटेलवर यायला 30 मिनिटांहून अधिक वेळ लागला, तर वरच्या मिनिटांच्या दुप्पट विश्रांती वाढवावी लागते. म्हणजे 45 मिनिटे लागली की अर्धा तास जादा. तो अर्धा तास पुढच्या उड्डाणाच्या वेळापत्रकातून जातो, म्हणूनच लांबच्या उत्तम हॉटेलापेक्षा जवळचे साधे हॉटेल त्यांना परवडते. आपल्याकडे डीजीसीएचे, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचे, नियम वेगळे आहेत, ते त्या कंपनीकडूनच समजून घ्यावेत.

इथे रात्री 11 ते पहाटे 5 नियोजित उड्डाणे बंद असतात, त्यामुळे लांबची विमाने पहाटेपासून उतरू लागतात आणि इतर पाहुणे नाश्त्याला निघतात तेव्हा ही मंडळी झोपायला येतात. दुपारी खोली मिळेल, असे त्यांना सांगून चालत नाही. आदल्या दिवशी आलेल्या यादीप्रमाणे मी किल्ल्या पाकिटांत घालून ठेवतो, खोलीचा क्रमांक चारचौघांत उच्चारत नाही, खोल्या लिफ्टपासून दूरच्या देतो आणि त्या मजल्यावर दुपारपर्यंत व्हॅक्यूम फिरू देत नाही. विमानाला उशीर झाला की उठवण्याची वेळ, गाडीची वेळ, सगळेच पुन्हा जुळवावे लागते. त्या दिवशी जेवायला उसंत मिळत नाही.

पैशांचे म्हणाल, तर दर कमी असतो, पण वर्षभराचा करार असल्याने गिऱ्हाइकाची वाट पाहावी लागत नाही. मात्र करारातल्या खोल्या नवरात्रातही राखून ठेवाव्या लागतील, आणि अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या जुन्या गिऱ्हाइकांना दारातून परत पाठवणे तुम्हाला जमणार नाही, हे मी जाणतो. शिवाय खिडकीखाली ढोल-ताशा सुरू असताना भरदिवसा कोण झोपेल?

माझे स्पष्ट मत असे, की लॉज यात्रेकरूंसाठीच राहू द्यावा. दादाचे विमानतळाजवळ गोकुळ शिरगावकडे जागा घेण्याचे बोलणे पुढे सरकले, तर तिथे याचा विचार करता येईल. तोवर कोणी कराराचा मसुदा आणून दिलाच, तर सही करण्यापूर्वी मला पाठवावा. खोल्या ऐनवेळी रद्द झाल्यास भाडे मिळणार की नाही, ते कलम मला आधी वाचायचे आहे.

आईस साष्टांग नमस्कार.

आपला,
अजित